कुसुम कदमचं रक्त

हैदराबादला बारा दिवस राहून चारमिनार न बघता परत आलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. नाशिकला पोचल्यावर शेजारणींनी पहिला प्रश्न तोच विचारला. दुसरा मोत्यांचा. मोतीही आणले नव्हते. मग बारा दिवस केलं काय, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

घरी मी नुमाइश बघायला जाते असं सांगितलं होतं. नामपल्लीच्या मैदानावर दर हिवाळ्यात मोठं प्रदर्शन भरतं, त्याला तिकडे नुमाइश म्हणतात. माझी थोरली बहीण सुधाताई नारायणगुड्याला राहते आणि वर्षानुवर्षं मला त्यासाठी बोलावते, त्यामुळे ह्यांना शंका आली नाही. खरं कारण तिच्या मुलीला, मृणालला, तेवढं माहीत होतं. मला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं होतं.

माझी आई शेवटची आठ वर्षं माझ्याकडे होती आणि त्या आठ वर्षांत ती हळूहळू सगळं विसरली. अल्झायमर हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला, तोवर आम्ही ‘वय झालं’ म्हणत होतो. सगळ्यात आधी तिचं सासरचं नाव गेलं. सुमन म्हटलं की ती वळून बघायची नाही. नाव विचारलं की म्हणायची, “छबू.” हे तिचं माहेरचं नाव. मी पोस्टात काउंटरवर बत्तीस वर्षं काढलेली बाई. फॉर्मवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असलं की फॉर्म परत करायचा, ही माझी सवय. मी आईलाही रोज दुरुस्त करायची. “छबू नाही आई, सुमन. म्हण बघू.” ती म्हणायची नाही. माझ्याकडे बघत राहायची.

आणि गेल्या वर्षी माझं सुरू झालं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, त्यावर आम्ही दोघं हसलो. दूध तीनदा उतू गेलं, त्यावर मी एकटीच हसले. मग एके दिवशी भाजी घेऊन येताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि घर डावीकडे की उजवीकडे, ते आठवेना. मिनिटभरच असेल. पण पिशवीतली मेथी मला दगडासारखी जड झाली. हे मी कुणाला सांगितलं नाही. रात्री झोप उडाली. आईचं झालं तेच माझं होणार, एवढंच डोक्यात.

नारायणगुडा

सिकंदराबादच्या फलाटावर सुधाताईनं लांबूनच हाक मारली. “कुसेऽऽ!”

चार-पाच जण वळले. मीही वळले. माझं माहेरचं नाव कुसुम. लग्नात सासऱ्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘अनुराधा’ लिहिलं आणि त्या दिवसापासून कुसुम संपली. नाशिकला ते नाव कुणालाच माहीत नाही. आमच्या माहेरचं देगलूरकडचं गाव आता रिकामं झालंय, त्यामुळे मला त्या नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच उरलंय, आणि ते नारायणगुड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतं.

“किती वाळलीस गं! काही खायलीस का नाही?” ती म्हणाली. मी वाळलेली नाही. उलट गेल्या वर्षभरात दोन ब्लाऊज उसवून घ्यावे लागलेत. पण बहिणीला कोण सांगणार.

सुधाताईचं मराठी आता तिच्या स्वयंपाकासारखं झालंय. मूळ देगलूरचं, वर हैदराबादचा तडका. पहिल्याच जेवणात तिनं अंबाडी वाढली. आमच्याकडे अंबाडीची भाजी कण्या घालून शिजवतात, वर लसणाची फोडणी. इथं तिलाच गोंगुरा म्हणतात आणि तिची अशी झणझणीत चटणी करतात की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मेव्हणे, म्हणजे आमचे दाजी, खूश झाले. “हौ, आता कशी हैदराबादला आल्यासारखी वाटायलीस,” ते म्हणाले. दाजींच्या बोलण्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ यांच्यामध्ये बाकीचं मराठी बसवलेलं असतं. त्यांचे आजोबा निजामाच्या काळी इथं आले, तेव्हापासूनचं ते बोलणं. मृणाल तर एका वाक्यात चार भाषा बोलते आणि मराठी पाटी अक्षर अक्षर लावून वाचते.

सकाळी खालच्या गाडीवरून पेसरट्टू यायचा, म्हणजे मुगाचा डोसा, पोटात उपमा भरलेला. सकाळी सकाळी एका पदार्थात दुसरा पदार्थ ही उधळपट्टी आम्हा नाशिककरांना पचायला वेळ लागतो. मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी दोन खाल्ले.

दिवसभर घरात कुसे चहा घे, कुसे ऊन लागेल, कुसे आठवतं का गं. गुरुवारपर्यंत मी पुरती कुसुम झाले होते. मला ते फार आवडत होतं, हेही सांगून टाकते.

दवाखाना

शुक्रवारी मृणालनं रजा टाकली आणि मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाहेर पडताना सुधाताईला काय ते कळलंच. ती पायात चपला घालून आमच्याबरोबर निघाली.

डॉक्टरीणबाई तेलुगू, चाळिशीच्या, माझ्याशी हिंदीत बोलत होत्या. मला वाटलं होतं सुई टोचतील आणि निकाल सांगतील. त्यांनी तासभर नुसतं विचारलं. झोप कशी, ऐकू नीट येतं का, गोळ्या कोणत्या, आईला काय झालं होतं. मला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. मला चार आले. पाचवा येईना. सुधाताईला पाचही येत होते आणि ती कोपऱ्यात बसून ओठ हलवत होती. शेवटी बाईंनी तिला बाहेर बसवलं.

रक्ताच्या तपासणीबद्दल मी मृणालकडून ऐकलं होतं. या आजारात मेंदूत जी घाण साठते, तिचा माग आता रक्तातल्या एका प्रथिनावरून लागतो. आईच्या वेळी असलं काही आमच्या वाट्याला नव्हतं. डॉक्टरांनी मात्र मला आधी जमिनीवर आणलं.

“अम्मा, ये टेस्ट शौक से नहीं करते,” त्या म्हणाल्या. “आपको तकलीफ हो रही है, इसलिए कर रहे हैं. और अकेले इसके भरोसे मैं कुछ नहीं बोलती.” कधी निकाल स्पष्ट येतो, कधी अधलामधला येतो, मूत्रपिंडं बिघडली असतील तर फसवाही येतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. म्हणून त्याबरोबर आणखी साध्या तपासण्या लिहिल्या, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, क्रिएटिनिन. “और अगर बुरा निकला तो? जानना चाहेंगी?” असंही विचारलं. मी हो म्हणाले. आवाज कुठून आला कोण जाणे.

शनिवारी सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेत गेलो. चिठ्ठीवरचं अक्षर अस्सल डॉक्टरी होतं. काउंटरवरच्या मुलीनं तपासण्यांची नावं कशीबशी लावली, माझ्या नावाशी मात्र अडली.

“पेरु अम्मा? नाम?”

मी सांगितलं. तिनं टाइप केलं, वय विचारलं, संमतीच्या फॉर्मवर सही घेतली, पावती दिली. रक्त काढलं, ते तिनं माझ्यासमोर यंत्रात फिरवायला लावलं. पुढे बर्फात घालून दुसऱ्या शहरी पाठवणार होते. निकाल आठवड्यानं, थेट डॉक्टरांकडे. बाहेर येऊन आम्ही इराणी चहा प्यायलो, खारट-गोड उस्मानिया बिस्किटं बुडवून. माझं बिस्किट बशीत पडलं, तर ताईनं तिचं मला दिलं. मी चौथीत होते तेव्हाही ती असंच करायची.

आबिड्स आणि नामपल्ली

आठवडा काढायचा होता. तोही कुसुमनं काढला.

रविवारी दाजींनी आबिड्सला नेलं. दुकानं बंद असतात आणि फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार मांडतात. मला मात्र तिथलं मोठं पोस्ट बघायचं होतं. लोक देवळं बघतात, मी पोस्टं बघते. रविवार असल्याचं मला ठाऊक होतं, तरी गेले, आणि बंद दारासमोर उभी राहून आतल्या काउंटरांची कल्पना करून आले. दाजी म्हणाले, “साली, तू बी अजबच हैस.” खाली वाकून बघितलं तर पुस्तकांच्या ढिगात मराठी चौथीचं एक जुनं पाठ्यपुस्तक होतं. मृणालसाठी घेतलं. ती एक धडा वाचते म्हणाली आहे. बघू.

बुधवारी नुमाइश. काश्मीरच्या शाली, लखनौचे कुर्ते, लोणची, पाळणे, आणि या सगळ्यावर मिरची भज्यांचा वास. आमच्याकडे भज्याची मिरची लाजून आत बसलेली असते, इथली वीतभर असते आणि पोटात चिंच भरलेली. लाखेच्या बांगड्यांच्या दुकानी मी रंग निवडत बसले, आणि तेवढ्यात लाउडस्पीकरवर माझं नाव. “नाशिक से आयी कुसुमबाई जहाँ भी हों, उनकी बहन परेशान हैं, फौरन आ जाएँ.”

मी जागची हललेही नव्हते. सुधाताई शालींच्या मागे गेली, स्वतः वाट चुकली, आणि पोलिसांच्या तंबूत जाऊन मी हरवल्याचं सांगून बसली. मी तिथं पोचले तर ती रडत होती. “तुला काही झालं असतं तर मी ह्यांना काय तोंड दाखवलं असतं?” म्हणाली. दाजी तिच्या शेजारीच उभे होते. त्या संध्याकाळी आम्ही इतकं हसलो की मी आठवडाभरात पहिल्यांदाच रात्रभर झोपले.

शुक्रवार

दुपारी मृणालला दवाखान्यातून फोन आला. अनुराधा शिंदे या नावाचा निकाल आला नाही. त्या नावाचं रक्तच प्रयोगशाळेत नोंदलेलं नाही. पावती आहे का?

“मावशी, पावती कुठे ठेवलीस?” मृणालनं विचारलं. तिघंही माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू तीच परीक्षा होती.

“चष्म्याच्या घरात. फडक्याखाली,” मी म्हणाले. तिथंच होती. शनिवारी चष्मा न लावता घडी करून ठेवली होती, तशीच. आता उलगडून वाचली.

कुसुम कदम.

काउंटरवर हे माहेरचं नाव मीच सांगितलं होतं. कुणी घातलेलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं शिंदे असलेल्या बाईनं परक्या मुलीला आपलं नाव कुसुम कदम सांगितलं होतं, आणि आठवडाभर त्याची जाणीवही नव्हती. आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. आधी नाव.

मी आतल्या खोलीत जाऊन बसले. सुधाताई मागोमाग आली. “काहून रडायलीस? नाव चुकलं तर चुकलं.”

“ताई, आईपण छबूच म्हणायची. सुमन म्हणायचीच नाही. मी रोज विचारायची.”

ती माझ्या शेजारी टेकली. मग म्हणाली, “मी तुझ्याकडे यायची ना, तवा तिला छबूच म्हणायची. दार लावून. तुला राग आला असता म्हणून.”

“मग?”

“मग काय. हसायची. ‘आले’ म्हणायची. गावाकडच्या विहिरीचं सांगायची, बाभळीखालच्या शेळ्यांचं सांगायची. तू तिला रोज परीक्षेला बसवायचीस कुसे, अन् ती रोज नापास व्हायची.”

ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, रक्तासाठी की आईसाठी ते माझं मलाच कळेना. बाहेर दाजी मृणालला सांगत होते, “फिकर नक्को करू, रक्त कुठं पळून जातंय.”

शनिवार

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पावती, प्रयोगशाळेकडून मागवलेला संमतीचा फॉर्म आणि निकालाचा कागद असे तिन्ही शेजारी शेजारी होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“अब बताइए, ये कुसुम कदम कौन हैं?”

“मैंच हूँ,” मी म्हणाले.

“और अनुराधा शिंदे?”

“वो भी मैंच.”

त्यांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला. वर छापील अक्षरांत कुसुम कदम, आणि खाली, माझ्या हाताची, पोस्टात दिवसाला शंभरदा केलेली सही. अ. शिंदे. तोंडानं एक नाव सांगितलं आणि त्याच मिनिटाला हातानं दुसरं लिहिलं. काउंटरवर मी असला फॉर्म कधीही स्वीकारला नसता.

मी त्यांना सगळं सांगितलं, तांदळातलं नाव, ताईची हाक, आई. त्यांना नवल वाटलं. “हमारे में घर का नाम बदलता है, इंटिपेरु, यानी सरनेम. लड़की का अपना नाम कोई नहीं बदलता,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “बहन के घर में सब क्या बुलाते हैं?” दारात उभ्या असलेल्या सुधाताईनं परस्पर उत्तर दिलं, “कुसुम.”

“तो फिर? चार दिन से कुसुम थीं, कुसुम बोल दिया. मैं मायके जाती हूँ तो दस्तखत भी गलत करती हूँ.” त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. “भूल गयी होतीं तो एक भी नाम नहीं आता, अम्मा. आपको तो दो-दो आते हैं.”

पावतीवरचा क्रमांक, वय आणि वेळ त्यांनी निकालाशी स्वतः ताडून बघितली, प्रयोगशाळेला माझ्यासमोर फोन लावून खात्री केली, आणि मगच निकालाचा कागद वाचला. त्या प्रथिनाचं प्रमाण कमी होतं. मूत्रपिंडं ठीक. म्हणजे माझ्या विसरण्यामागे आईचा आजार असण्याची शक्यता फारच कमी. पुढे कधीच होणार नाही असा शिक्का नाही मिळाला, तसा शिक्का कुणाजवळ नसतो हेही त्यांनी सांगितलं. पण बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं होतं. मी आम्लपित्ताची गोळी स्वतःच्याच मतानं कित्येक वर्षं रोज सकाळी घेत आलेय, मटण-मासळीही केव्हाच सोडली, आणि वर वर्षभर न झोपलेलं डोकं. “इंजेक्शन लीजिए, सोइए, छह महीने में फिर आइए,” त्या म्हणाल्या.

एवढंच? मी दोनदा विचारलं. एवढंच. खाली उतरताना मी मोठ्यानं हसत होते. खाली थांबलेल्या दाजींनी समोरच्या हॉटेलातून खुबानी का मीठा मागवला, शिजवलेल्या जर्दाळूंचा, वर साय. मी दोन वाट्या खाल्ल्या. चारमिनारला जाऊ या का, असं मृणालनं विचारलं. मला कुठेही जायचं नव्हतं. मला तिसऱ्या मजल्यावर जाऊन आडवं व्हायचं होतं आणि कुणीतरी कुसे म्हणून उठवायला हवं होतं.

नाशिक

घरी आल्यावर ह्यांच्या हातात निकालाचा कागद ठेवला आणि नुमाइशीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत सगळं उलट्या क्रमानं सांगून टाकलं. ते रागावले. एकटीनं वर्षभर वागवलंस, म्हणाले. मग चष्मा लावून कागद वाचायला लागले. प्रयोगशाळेनं नाव दुरुस्त करून दिलं होतं, अनुराधा शिंदे उर्फ कुसुम कदम.

“कुसुम,” त्यांनी वाचलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. “बरंय की नाव. बाबांनी कशाला बदललं?”

मी आईच्या फोटोवरची धूळ पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून ह्यांचा आवाज आला, जरा लाजतच मारलेली हाक. “कुसुम, चहा झालाय.”

“आले,” मी म्हणाले. अगदी सहज, मागे वळूनही न बघता. आणि ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले, कारण आईनंही एवढंच म्हटलं असतं, आणि आठ वर्षं मी तिला छबू म्हणून हाकच मारली नव्हती.